‘देवाचा संदेश’ : एक पाठचिकित्सा

जर्मनींत १९४० सालीं ‘देवाचा संदेश’ या नांवानें नव्या कराराची एक आवृत्ति निघाली. ज्या वार्टबुर्ग गडावर ल्यूथरनें त्या कराराचें जर्मन भाषांतर केलें, तेथेंच १९३९ सालीं उद्घाटन झालेल्या संस्थेचें हें कार्य. तिचे विद्याप्रमुख वाल्टर ग्रुंडमान हे नव्या कराराचेच अभ्यासक. येशूची यहुदी वंशावळ तींतून गाळली आहे. कारण पोथ्यांची साक्ष नव्हे, नाझी वंशवादाची अडचण. नकलकाराचा हस्तदोष दुसऱ्या प्रतीवरून सुधारतो. परंतु संपादकच राजसत्तेच्या सोयीनें पाठ ठरवूं लागल्यास दाद कोठें मागावी? नाझी मतास ख्रिस्ती ग्रंथाचें प्रामाण्य हवें होतें, आशय नको होता. आणि ही छाटणी चर्चमधील कांहीं पंडितांनींच करून दिली. संग्राहकांनीं ही प्रत अवश्य जपावी, असें आम्हांस वाटतें. बुद्धिपुरस्सर पाठभ्रंशाचा इतका स्पष्ट पुरावा विरळा.