निबंधाची वही आणि उसाचा फड

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. पुढे सुमारे सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले आणि ते जवळजवळ त्यांनी एकट्याने लिहिले. त्यांची मते पटोत न पटोत, आपले म्हणणे आपल्या जबाबदारीवर मांडायचे ही निबंधाची ओळख त्यांनी मराठीत पक्की केली. एका शाळामास्तराने प्रतिष्ठेला नेलेल्या या लेखनप्रकाराचे पुढे शाळेतच काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. पाचवी ते आठवीच्या वर्गांत आज निबंध बहुधा फळ्यावरून किंवा गाईडमधून उतरवून घेतला जातो. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘शेतकऱ्याचे मनोगत’, ‘सूर्य उगवला नाही तर’ हे विषय ठरलेले आणि त्यांतली वाक्येही ठरलेली. पाऊस रिमझिमतो, धरती हिरवा शालू नेसते, शेतकरी जगाचा पोशिंदा असतो. चूक एकही नसते आणि लिहिणाराही कुठे नसतो.

हा प्रश्न शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराटा या गावाच्या अंगाने पाहू. गाव भीमेच्या काठी. पलीकडे दौंड तालुका. दोन्ही तीरांवर ऊस. इथल्या सातवीच्या मुलाला सरी, बेणे, पाचट, वाढे, मोळी हे शब्द शिकवावे लागत नाहीत. शेतीची वीज रात्रपाळीला आली की बाप दारे धरायला जातो आणि घरचे जागे राहतात, कारण उसात बिबट्या आहे. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात बिबट्या ही गोष्टीतली चीज राहिलेली नाही. त्याने माणसे मारली आहेत, लहान मुलेही मारली आहेत. हंगाम सुरू झाला की बीड आणि नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्यासोबत आलेली मुले फडावर राहतात आणि जमल्यास जवळच्या शाळेत बसतात. मुकादम, उचल, कोयता हे शब्द त्यांना पाठ असतात. कोयता म्हणजे हत्यारही आणि तोडणीला आलेले नवरा-बायकोचे जोडपेही. या दुसऱ्या अर्थाने निम्मी कादंबरी उभी राहील. शाळेच्या वहीत मात्र तो सहसा येत नाही. तिथे ‘माझा आवडता प्राणी’ म्हणून कुत्रा येतो आणि ‘शेतकऱ्याचे मनोगत’ शेतकऱ्याचे मूलसुद्धा पाठ करून लिहिते.

यावर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत ‘उपक्रम’ आले. शब्दडोंगर, चित्रवर्णन, अपूर्ण गोष्ट पूर्ण करणे, पुस्तकपेटी, भित्तिपत्रक. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. यातले वाईट काहीच नाही. प्रश्न आहे तो उपक्रमाचा विधी होतो तेव्हाचा. पेटी उघडली, मुलांनी पुस्तके हातात धरली, छायाचित्र निघाले, अहवाल गेला. पुस्तक वाचून झाल्यावर त्यावर कोण कोणाशी बोलले, हे अहवालात कुठल्याच रकान्यात बसत नाही. ‘उपयोजित लेखना’चेही तसेच. पत्र, बातमी, जाहिरात, सूचना हे प्रकार अभ्यासक्रमात आले ते लेखन व्यवहाराशी जोडावे म्हणून. पण परीक्षेत मूल ‘अ. ब. क.’ या नावाने कुठल्याशा आयुक्तांना पत्र लिहिते. ते पत्र कोणी पाठवत नाही आणि त्याचे उत्तर येत नाही. साचा बदलला, वाचणारा तोच राहिला: लाल पेन घेतलेला परीक्षक.

मराठीत याहून वेगळे प्रयत्न झालेले आहेत. त्यांतले तीन इथे महत्त्वाचे.

पहिला अमळनेरचा. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक लिहीत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले. गुरुजींच्या भावुकतेवर मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे, पण शिक्षक म्हणून त्यांनी केलेली ही गोष्ट भावुक मुळीच नाही. शिक्षक स्वतः रोज लिहितो, ते मुले दुसऱ्या दिवशी वाचतात, आणि लिहिलेले असते त्यांच्याच जगण्याबद्दल. मुलांना लिहायला सांगणारे शिक्षक पुष्कळ, त्यांच्यादेखत लिहिणारे फार थोडे. पुढे ‘श्यामची आई’ची प्रकरणेही ‘रात्र’ म्हणून आली. ऐकणारी मुले समोर धरून सांगण्याची ही रीत वर्गातून आणि वसतिगृहातून घडलेली आहे, हे आपण क्वचितच लक्षात घेतो.

दुसरा कोल्हापूरचा. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले. आधी अनुभव, मग बोलणे, मग लिहिणे हा त्यांच्या कामाचा गाभा. बाजार, परिसर, माणसे हीच तिथली पाठ्यसामग्री. ‘आनंददायी शिक्षण’ हा पुढे सरकारी शब्द झाला आणि त्याचा अर्थ गाणी-टाळ्यांपुरता उरला. लीलाताई मात्र आनंदशिक्षणाच्या आधी ‘अर्थपूर्ण’ हे विशेषण आग्रहाने लावत, ते उगाच नव्हे.

तिसरा फलटणचा. अमेरिकेत जन्मलेल्या आणि भारतीय झालेल्या मॅक्सीन बर्नसन भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या. तिथल्या बोलींचा अभ्यास करता करता त्या वंचित वस्त्यांतल्या मुलांना वाचायला शिकवू लागल्या आणि त्यातून प्रगत शिक्षण संस्था व कमला निंबकर बालभवन उभे राहिले. सगळी मुळाक्षरे आणि मग बाराखडी असा लांबचा रस्ता न धरता थोडी अक्षरे आणि थोड्या मात्रा एकत्र घ्यायच्या, म्हणजे मूल लगेच अर्थ असलेले शब्द वाचते, ही त्यांची दिशा. इथे सर्जनशीलता दिसते ती शिस्तीच्या रूपात. मुलाच्या घरच्या बोलीची टवाळी न करता त्याला प्रमाण लेखनापर्यंत न्यायचे, ही त्यामागची भूमिका.

या तिघांची तुलना केली की एक उणीव उघडी पडते. कोल्हापूर आणि फलटणच्या प्रयोगांतले जे सर्वांत गाजले ते प्राथमिक वर्गांतले. अमळनेरचा प्रयोग मोठ्या मुलांचा, पण तो एका व्यक्तीबरोबर आला आणि गेला. मधल्या चार इयत्ता, पाचवी ते आठवी, कोणाच्याच नाहीत. तिथे असे गृहीत धरतात की वाचता येते, आता व्याकरण घ्या. गृहीतकच कच्चे आहे. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीतली सुमारे ४३ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. म्हणजे सहावी-सातवीच्या वर्गात, मांडवगणला काय किंवा आणखी कुठे काय, अडखळत वाचणारी मुले असणारच. त्यांच्यापुढे ‘कल्पनाविस्तार करा’ म्हणणे म्हणजे विहिरीला पाणी नसताना मोटेची चर्चा करणे. फलटणची शिस्त आठवीपर्यंत हाताशी ठेवावी लागेल. त्यात कमीपणा काही नाही.

एक आक्षेप गंभीर आहे. मुलांना त्यांच्या बोलीत, त्यांच्या उसाबद्दलच लिहू द्यायचे, तर त्यांना तिथेच अडकवून ठेवले असे होणार नाही का? ऊसतोड मजुराच्या मुलीला अर्ज, कायदा, विज्ञान यांची प्रमाण मराठी हवीच आणि ती मागण्याचा तिला हक्क आहे. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकतो. ‘बा रातीचा पान्याला गेला व्हता’ हे वाक्य पहिल्या खर्ड्यात येऊ दिले, तरच दुसऱ्या खर्ड्यात ‘वडील रात्री पाणी धरायला गेले होते’ असे करताना काय गेले आणि काय आले, हे मुलीला कळते. तोच भाषेचा पाठ. पहिला खर्डा लाल केला तर ती दुसरा लिहीत नाही, गाईड उघडते.

मग वर्गात काय करावे? फार खर्चाचे काही नाही. उसाच्या शब्दांचा कोश सातवीने करावा. फडावरच्या मुलांनी त्यात आपल्याकडचे शब्द घालावेत आणि त्या दिवशी ती मुले वर्गाची शिक्षक व्हावीत. बिबट्यापासून काय जपावे याची सूचना मुलांनी वस्तीसाठी लिहावी, खरोखर चिकटवावी आणि आजीला ती समजली का, हे विचारून यावे. न समजलेले वाक्य बदलावे. व्याकरणाचे याहून चांगले कारण मुलाला मिळणार नाही. चाळीस वह्या रोज तपासणे शिक्षकाला अशक्य आहे, म्हणून रोज सहा वाचाव्यात आणि मजकुराबद्दल एक वाक्य लिहावे: ‘मग वडील परत कधी आले?’ एवढा प्रश्नही पुरतो. त्याचे उत्तर म्हणून मूल जे लिहील, तो त्याचा पहिला निबंध.