फर्दापूर ते फैजपूर : एका रेषेचे दोन मुक्काम

बुलडाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. ही रांग धरून पश्चिमेला गेले की अजिंठ्याची लेणी लागतात आणि लेण्यांच्या पायथ्याशी फर्दापूर. उत्तरेकडे घाट उतरून मोताळा, मलकापूर ओलांडले आणि तापीच्या खोऱ्यात शिरले की केळीच्या बागांमध्ये फैजपूर लागते. दोन्ही गावे जिल्ह्याच्या हद्दीबाहेरची, पण आपल्या येण्याजाण्यातली. या दोन्ही गावांत चित्रकार नंदलाल बोस यांनी मुक्काम केला. पहिल्यांदा आले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, शिकायला आले होते. दुसऱ्यांदा आले तेव्हा शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख होते आणि एक अख्खे नगर उभारायला आले होते.

खेड्यात कलावंतांसाठी निवासी केंद्रे काढावीत, शहरातल्या चित्रकाराने चार महिने गावात राहून काम करावे, असा विचार अलीकडे बराच होतो. रेसिडेन्सी हा शब्द आता कलामहाविद्यालयातल्या मुलांच्याही तोंडी असतो. खोली, जेवण, स्टुडिओ, मानधन यांचा हिशेब व्हायलाच हवा. पण गावातला मुक्काम चित्रात कसा उतरतो, हे चित्राजवळ जाऊनच पाहावे लागते. त्यासाठी नंदलालांचे हे दोन मुक्काम मला फार मोलाचे वाटतात.

१९०९–१० च्या हिवाळ्यात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने फर्दापूरला तळ ठोकला. त्या स्वतः जुन्या टेम्परा पद्धतीच्या जाणकार होत्या. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराच्या जुन्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी १८९९ मध्येच केला होता. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करायच्या, हा त्यांचा संकल्प होता. भगिनी निवेदितांच्या आग्रहामुळे अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य कलकत्त्याहून या कामाला आले. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरचे वेंकटप्पा अशी ती तरुण मंडळी होती. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले. पुढच्या हिवाळ्यातही हे काम चालले आणि १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने त्या प्रती ग्रंथरूपाने छापल्या.

या डोंगरात चित्रकारांचा मुक्काम तेव्हा नवा नव्हता. रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षे इथे राहिला. त्याने केलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले. त्यांच्या कामाचाही मोठा भाग १८८५ मध्ये लंडनलाच आगीत नष्ट झाला. कागद आणि कॅनव्हास जळाले, पण भिंतीसमोर बसून जे हात तयार झाले ते उरले. मुक्कामाची खरी कमाई ही असते आणि ती हातातच साठते.

नंदलालांच्या हातात काय साठले असेल, ते पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभे राहिले की उमगते. गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला तो उभा आहे. मान किंचित कललेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, उजव्या हातात निळे कमळ. मस्तकावर उंच रत्नजडित मुकुट, गळ्यात मोत्यांचा हार. भोवती माणसे आहेत, माकडे आहेत, मोर आहेत. एवढ्या गर्दीत तो एकटाच आत वळलेला दिसतो. हा आत वळलेपणा रंगापेक्षा रेषेने साधला आहे. भुवईची रेषा एका दमात ओढलेली आहे. सुरुवातीला बारीक, मध्ये भरते, टोकाला पुन्हा निमुळती होते. खांद्याची रेषा दंडावर येते तेव्हा सैल पडते आणि कोपराशी पुन्हा घट्ट होते. शरीराची गोलाई दाखवायला पाश्चात्त्य चित्रकार एका बाजूने उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली घेतो. इथे उजेडाची अशी एकच दिशा नाही. बाह्यरेषेलगत रंग थोडा गडद केला आहे, नाकासारख्या उंच भागावर फिका उजाळा दिला आहे, आणि बाकी सारा भार रेषेनेच उचलला आहे.

ही रेषा कशावर ओढली होती, तेही लक्षात घेण्याजोगे आहे. बेसॉल्टचा खडबडीत कातळ, त्यावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि झाडांचे तंतू मिसळलेले, वर चुन्याचा पातळ हात. रंग बहुतेक मातीतले आणि दगडातले : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा चुना. निळा तेवढा दूरदेशीच्या लाजवर्दी खड्याचा. कातळ, तूस आणि माती इथलीच. म्हणजे आपल्या अंगणात सारवायला आणि भिंत रंगवायला जे वापरले जाई, त्याच सामानातून हे महाचित्र उभे राहिले आहे.

प्रत करणाऱ्याला हे सगळे उलट्या क्रमाने समजून घ्यावे लागते. रेषा पाहून हाताचा वेग ओळखायचा, पोपडा उडालेल्या जागी रेषा कुठे गेली असेल याचा अंदाज बांधायचा. काही भिंतींवर आधीच्या लोकांनी लावलेल्या वॉर्निशने चित्र काळवंडले होते. लेण्यात दिवसाचा उजेड थोडाच वेळ पुरतो. अशा ठिकाणी घाई चालत नाही. नवे काही काढून दाखवण्याची सक्ती नव्हती, पाहण्याला वेळ होता, हेच त्या तळाचे मोठे देणे होते. तरीही या पहिल्या मुक्कामाला एक मर्यादा आहे. फर्दापूरने राहायला जागा दिली, पण त्या प्रतींमध्ये फर्दापूर नाही. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवर नजर लागलेल्या तरुणांना पायथ्याचे गाव चित्राचा विषय वाटण्याची वेळ अजून यायची होती.

ती वेळ १९३६ मध्ये आली. काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात घ्यायचे ठरले आणि पूर्व खानदेशातल्या फैजपूरला तो मान मिळाला. पंडित नेहरू अध्यक्ष होते. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी या कामाला वाहून घेतले. साने गुरुजी खानदेशभर गावोगाव हिंडले. अधिवेशनासाठी उभारायच्या नगराला टिळकनगर हे नाव मिळाले आणि ते सजवण्यासाठी गांधीजींनी नंदलालांना बोलावले. आपण चित्रकार, बांधकामातले आपल्याला काय कळते, असा नंदलालांचा संकोच होता. गांधीजींची अट साधी आणि कठीण होती. गावात मिळेल त्याच सामानातून आणि गावच्या कारागिरांच्या हातूनच हे नगर उभे राहावे. अधिवेशनातल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनात गांधीजींनी या कामाचे श्रेय वास्तुरचनाकार म्हात्रे आणि नंदलाल यांना दिले. आपण कल्पना सांगितली, तिला रूप देण्याचे काम कलावंताचे, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता.

टिळकनगर बांबूचे होते, चटयांचे होते. बांबू हे फार हट्टी सामान आहे. तो लांबीत सरळ फाटतो, म्हणून त्यात खिळा मारता येत नाही, सांधा दोरीने आवळूनच बांधावा लागतो. ओला असताना वाकतो, वाळला की वाकवणाऱ्याचे ऐकत नाही. कोणत्या पेरावर तोडायचा, कांब किती जाड काढायची, ताण कुठे द्यायचा, हे बुरडाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक असते. कागदावर कमान काढणे चित्रकाराला सोपे, पण ती कमान बांबूत उतरवायची तर बुरडाच्या शेजारी बसून त्याचे म्हणणे ऐकावेच लागते. फैजपूरच्या कमानींचे सौंदर्य मला इथे दिसते. पद्मपाणीच्या खांद्यावरून उतरणारी सैल-घट्ट रेषा आणि ताण सोसून वाकलेली बांबूची कांब या दोन्हींचा स्वभाव एकच आहे. फर्दापूरला जी रेषा नंदलाल डोळ्यांनी शिकले, ती फैजपूरला त्यांनी उघड्या आभाळाखाली उभी केली, आणि यावेळी ती ओढणारे हात गावचे होते. अध्यक्षांना बैल जुंपलेल्या रथातून आणले, त्यातही हीच दृष्टी होती. कलेसाठी निराळे काही आणायचे नाही, शेतकऱ्याच्या दारात जे उभे आहे त्यालाच मानाचे स्थान द्यायचे.

डिसेंबर १९३६ मधले ते अधिवेशन संपले आणि टिळकनगर उतरवले गेले. ते टिकावे म्हणून बांधलेलेच नव्हते. पण त्याची पुढची पायरी कागदावर उरली आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला अधिवेशन झाले, सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते. तिथे नंदलालांनी आणि कलाभवनातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेच्या आसपास चित्रफलक केले. येणाऱ्या-जाणाऱ्या खेडूताने रस्त्याने चालता चालता पाहावेत, म्हणून ते बाहेर, दारांवर आणि मंडपांवर लावले होते. त्यातले कित्येक आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत.

त्यातला ढोलवाला पाहावा. हातकागदावर मातीच्या रंगांत केलेले चित्र, वर कमानीची चौकट, आत एकच माणूस आणि त्याचा भला मोठा ढोल. पाठीची रेषा जाड कुंचल्याने एकदाच ओढली आहे, दुरुस्तीला जागाच ठेवलेली नाही. अंग ढोलाच्या भाराने एकीकडे झुकते आणि तालाने दुसरीकडे ओढले जाते. त्या दोन ओढींमध्ये सारे चित्र तोललेले आहे. चेहरा मोजक्या रेषांचा, पण माणूस नेमका कळतो, त्याचा दम कळतो. सुतार, चांभार, मूल घेतलेली आई यांच्या फलकांतही हेच दिसते. ज्याचे जे काम, त्या कामातच त्याचे अंग वळलेले आहे. कोणी चित्रासाठी थांबलेले नाही.

अजिंठ्याचे ते मातीचे रंग, ती एका दमाची रेषा इथे पुन्हा भेटते. मात्र बोधिसत्त्वाच्या जागी आता ढोलवाला आहे. दया म्हणून किंवा नमुना म्हणून त्याला आणलेले नाही. बोधिसत्त्वाला मिळाली तेवढीच निगुतीची रेषा त्याला मिळाली आहे. फर्दापूरशिवाय ही रेषा आली नसती आणि फैजपूरशिवाय ती या माणसापर्यंत पोचली नसती. दोन्ही मुक्काम मिळून हे चित्र झाले आहे.

म्हणून खेड्यातल्या कलाकेंद्राचा विचार करताना मला दोन्हींची गरज वाटते. जुन्या कामासमोर मुकाट्याने बसण्याची सोय हवी आणि गावच्या कारागिराबरोबर बरोबरीने काम करण्याची रीत हवी. फक्त पहिले असेल तर गाव धर्मशाळेसारखे वापरले जाते. फक्त दुसरे असेल तर उत्सवाची आरास होते आणि हात कच्चेच राहतात. खिरोद्याला जनता शिक्षण मंडळाचे सप्तपुट ललित कला भवन आहे. फैजपूरच्या परिसरातल्या शेतकऱ्यांची मुले तिथे खेड्यातच चित्रकला शिकतात, ही गोष्ट आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर या दोन्हींसाठी सगळे तयार आहे. लोणारचे दैत्यसूदन मंदिर घ्या. ताऱ्याच्या आकाराचा त्याचा तळ, कोपऱ्यामागे कोपरा घेत वळणारी भिंत आणि त्या भिंतीवर दाटीने कोरलेल्या मूर्ती. एखाद्या रेखाटनकाराने दोन हिवाळे तिथे बसावे आणि वळणावळणाने सरकणारी सावली टिपावी, असे ते काम आहे. मेहकरला १८८८ मध्ये सापडलेली शारंगधर बालाजीची मूर्ती आहे, सिंदखेड राजाला लखुजी जाधवांचा राजवाडा आहे. आणि कारागीर? टोपली-सूप विणणारा बुरूड, घोंगडी विणणारा धनगर, तुराट्यांचा कूड घालून त्यावर शेणमातीचा हात फिरवणारी बाई, पऱ्हाटीचे कुंपण रचणारा शेतकरी. यांना विद्यार्थी म्हणून बोलावू नये. केंद्राच्या मानधनाच्या यादीत त्यांची नावे शिक्षक म्हणून असावीत.

गावात राहून मोठे काम होते, याचा दाखला शोधायला आपल्याला शांतिनिकेतनला जावे लागत नाही. कवी ना. घ. देशपांडे याच जिल्ह्यात जन्मले आणि मेहकरला वकिली करत आयुष्यभर लिहीत राहिले. त्यांच्या ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांना मुक्कामासाठी गाव शोधावे लागले नाही, गावच त्यांचा मुक्काम होता. पण आजच्या तरुण चित्रकाराला, शिल्पकाराला, वाजवणाऱ्याला मेहकरला किंवा लोणारला राहून काम करायचे, तर छप्पर, उजेड, साहित्य आणि दोन वर्षांची निश्चिंती द्यावी लागेल. बाहेरून येणाऱ्याला जेवढी द्यायची, तेवढीच गावातल्यालाही. जिल्ह्यातल्या मुलीने लोणारच्या भिंतीसमोर बसायला शिकावे आणि पुढे तिच्याच हातून बुरुडाचे, घोंगडीवाल्याचे, कूड घालणाऱ्या बाईचे चित्र तेवढ्याच आदराने व्हावे. असे एक जरी चित्र झाले, तर केंद्रावर झालेला खर्च सार्थकी लागला असे मी मानीन.