सुईची जागा कोणती?

अ‍ॅक्युपंक्चरवर जे लिहिले जाते ते बहुधा भाविकाचे असते, नाही तर टिंगल करणाऱ्याचे. फेलिक्स मान यांचे १९९२ सालचे 'रीइन्व्हेंटिंग अ‍ॅक्युपंक्चर' या दोन्हींत बसत नाही, म्हणून त्याची दखल घ्यावीशी वाटली.

मान (१९३१–२०१४) हे लंडनमध्ये व्यवसाय करणारे, रीतसर शिकलेले डॉक्टर. त्यांनी जुनी चिनी पद्धत मनापासून आत्मसात केली : 'ची' वाहून नेणाऱ्या वाहिन्या, त्यांवरचे शेकडो बिंदू, नाडीपरीक्षा आणि रोगापेक्षा सबंध रोग्याकडे पाहण्याची दृष्टी. १९६०च्या दशकात त्यांनी यावर इंग्रजीत पाठ्यपुस्तके लिहिली. पुढे त्याच मान यांनी सांगितले, की असे बिंदू नाहीत आणि वाहिन्याही नाहीत! सुई भलतीकडे टोचली तरी गुण येतो, हे त्यांना रोजच्या कामात दिसत गेले होते. आपल्याच पाठ्यपुस्तकांवर अशी फुली मारायला धैर्य लागते.

आमची तक्रार इथूनच सुरू होते. नकाशा टाकून दिला, पण सुईवरचा विश्वास तसाच ठेवला. 'माझ्या रोग्यांना बरे वाटते' हा पुरावा बिंदूंच्या बाबतीत फसवा ठरला, तर सुईच्या बाबतीत तो ग्राह्य कसा? दवाखान्यातल्या अनुभवाला तुलनेचा गट नसतो.

तो जर्मनीतल्या एका चाचणीत होता. जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला परंपरेप्रमाणे सुया, दुसऱ्याला बिंदू टाळून उथळ टोचलेल्या, तिसऱ्याला औषधे व व्यायाम. सहा महिन्यांनी सुधारलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के निघाले. पहिल्या दोन आकड्यांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. टोचणाऱ्या डॉक्टरांनी अ‍ॅक्युपंक्चरचे किमान १४० तासांचे शिक्षण घेतले होते. त्यात जागा शिकायच्या, आणि जागेला तर महत्त्वच नाही!

बिंदूंबाबत मान बरोबर ठरले. पण २७.४चे काय? आपल्याला सुया मिळत नाहीत हे तिसऱ्या गटाला ठाऊक होते. मग गुण टोचण्याचा की अपेक्षेचा? समग्र उपचाराचे समर्थक म्हणतील, हे वेगळे काढायचेच कशाला? पण गुण अपेक्षेचा असेल, तर तो सुईच्या नावावर मांडून रोग्याकडून पैसे घेणे आम्हाला पटत नाही.

वेगळे काढण्याची एक युक्ती १९९८ मध्ये जर्मनीतच पुढे आली : बोथट टोकाची, दाबली की आपल्याच मुठीत सरकणारी सुई. रोग्याला ती टोचल्यासारखीच वाटते. धरणाऱ्याला मात्र ती कोणती हे कळतेच, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे कसे लपवायचे, हा प्रश्न उरतो.