गळा, ओळख आणि संगत

माउली, बीडहून पंढरीकडे निघालात की पालीच्या पुढे घाट चढून तुम्ही मांजरसुंब्याच्या फाट्यावर येता. इथून एक वाट नेकनूर-केजवरून अंबाजोगाईला जाते, एक पाटोद्याकडे वळते आणि मोठा रस्ता चौसाळ्याकडून सोलापूरच्या दिशेने जातो. आषाढी जवळ आली की या फाट्यावरच्या हॉटेलांत आणि थांबलेल्या ट्रकांत एक आवाज हटकून कानी पडतो, प्रल्हाद शिंदे यांचा. चंद्रभागेच्या तीराचे त्यांचे ते गाणे ऐकले नाही असा वारकरी सापडणार नाही.

याच फाट्यावर चहा घेताना आपल्याकडची पोरे एक तक्रार करतात, तीही तुम्ही ऐकली असेल. "महाराज, गळ्याला कोण विचारतो? वर ओळख पाहिजे." पोर टाळ उत्तम धरते, चाल तोंडपाठ असते, काळी चारला आवाज लागतो, पण सप्ताहाच्या पत्रिकेत नाव येते ते दुसऱ्याचेच. ही तक्रार खोटी आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. ती तपासून पाहू.

प्रल्हाद शिंदे यांच्यापासूनच सुरुवात करू. त्यांचा काळ 1933 ते 2004. घरात गरिबी, मागे कोणी वजनदार माणूस नाही. गळा तापला तो कव्वालीत. म्हणून तर त्यांचा सूर वरच्या पट्टीत खडा उभा राहतो. ते ताना घेत बसत नाहीत. शब्द उघडा ठेवतात, ओळीच्या शेवटी आवाजाला एक हाक देतात, आणि वाद्यांचा कितीही गलका असला तरी ती हाक मागच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचते. दिंडीत गाणाऱ्याला नेमके हेच साधावे लागते. रागदारीचा जाणकार यात उणे काढील. त्यांच्या कितीतरी गाण्यांची वाद्यरचना एकसारखी आणि कर्कश आहे, हेही खरेच. पण आवाजातली आर्तता त्या वाद्यांखाली दबत नाही. भीमगीते आणि विठ्ठलाची गाणी एकाच गळ्याने गाणारा हा माणूस दोन्हीकडे आपला वाटला, तो कोणाच्या शिफारशीने नव्हे.

तरीही नुसता गळा फाट्यापर्यंत चालत आला नाही. कोणी गीत लिहिले, कोणी चाल बांधली, कोणी ध्वनिमुद्रिका काढली. पुढे कॅसेट निघाल्या आणि खेड्यातल्या टपरीवर हा आवाज वाजू लागला. मग मुलगे आनंद आणि मिलिंद, आणि आता नातू आदर्श. तिसऱ्या पिढीला दार उघडे मिळाले, हे कबूल करावे. आदर्शचे गाणे ऐकताना मात्र आडनाव विसरून ऐका. वरच्या पट्टीतली ती फेक आजोबांचीच आहे, आणि ती घरात रोज कानावर पडल्याशिवाय येत नाही. याला वशिला म्हणायचे की तालीम?

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण घ्या. पंडित भीमसेन जोशी. अकराव्या वर्षी गाण्यासाठी घर सोडून पळालेला, विनातिकीट गाडीने भटकलेला मुलगा. गुरू शोधत शोधत अखेर सवाई गंधर्वांपाशी येऊन थांबला. एवढ्या तपाचा गळा. पण नामदेवरायांचा अभंग त्या गळ्यातून घराघरांत गेला, त्यासाठी पुणे आकाशवाणीवर राम फाटक यांच्यासारखा चाल बांधणारा माणूस भेटावा लागला. म्हणजे ओळख लागलीच. फरक इतकाच की फाटकांनी आधी गळा ऐकला होता.

आपल्या परंपरेतही पाहा. चोखोबांना देवळात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. ज्या वाणीने आज आपल्या डोळ्यांत पाणी येते, ती वाणी दाराबाहेर उभी होती. 1338 साली मंगळवेढ्यात कुसू कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी दिली, असे आपण मानतो. तुकोबांचे अभंग आपल्यापर्यंत आले त्यात संताजी जगनाडे यांच्या लेखणीचा वाटा आहे, आणि हे संताजी तुकोबांच्या मागे टाळ धरून उभे राहणारे होते. चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना होते. या ओळखीला आपण संगत म्हणतो. वशिला लावणारा माणूस गाणे सुरू होण्याआधीच उठून गेलेला असतो, संताजी शेवटपर्यंत उभे होते.

मांजरसुंब्याहून नेकनूर हाकेच्या अंतरावर आहे. तिथले बंकटस्वामी महाराज जोग महाराजांच्या शिष्यांपैकी. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे गरिबाचे पोर येऊन पाठांतर करी, माधुकरी मागी आणि चाल शिके. भगवानबाबाही आळंदीला बंकटस्वामींपाशी शिकले. पुढे त्यांनी चालवलेला नारळी सप्ताह दरवर्षी नव्या गावी जातो. नेकनूर, आळंदी, भगवानगड अशी ही साखळी आहे. ती ओळखीचीच आहे, पण तिची कडी अनेक वर्षांच्या शिकण्याने जोडलेली आहे.

आता आपल्या सप्ताहांकडे या. कीर्तनकार महाराज गाडीतून येतात, सोबत स्वतःचे गायक आणि मृदंगाचार्य घेऊन येतात. पत्रिकेवर त्यांचे फोटो मोठे. हल्ली कीर्तन मोबाईलवर किती जणांनी पाहिले यावरही तारीख ठरते. गावचे पोर शेवटच्या ओळीत टाळ घेऊन उभे राहते, त्याच्यापर्यंत माइक पोचतच नाही. माइकच नाही तर गळा बरा की वाईट हे कमिटीला कळणार कसे? मग कमिटी म्हणते, आमच्या गावात गाणारे कोणी राहिले नाही. काही कीर्तनकार पोराला पुढे बोलावून चाल म्हणायला लावतात. असे महाराज आहेत, पण थोडे आहेत.

कमिटीत तुम्ही असाल तर एवढे करून पाहा. संध्याकाळचा हरिपाठ बाहेरच्या संचाकडे देऊ नका. गावातल्या पोरांना आळीपाळीने पुढे उभे करा, पाटलाचे असो की शेतमजुराचे. भोंगा तासभर बंद ठेवा. आणि पत्रिका छापायला टाकण्याआधी सातही दिवस जाऊन ऐका.