कात्रण आणि पत्ता

वडिलांची कात्रणांची वही आमच्या कपाटात अजून आहे. खळीने चिकटवलेले मराठी-कन्नड लेख, खाली वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख. कागद पिवळा पडला आहे. मजकूर मात्र शाबूत.

इंटरनेटवरचे लेख असेच जमवता यावेत म्हणून २००७ मध्ये ‘रीड इट लेटर’ निघाले. पुढे तेच ‘पॉकेट’ झाले. जाहिराती वगळून लेख स्वच्छ दाखवण्याचा त्याचा गुण मान्य करावाच लागेल. पण ८ जुलै २०२५ रोजी ते बंद झाले. वाचकांना सोबत नेता आली ती शीर्षकांची आणि दुव्यांची यादी. लेखांचा मजकूर तीत नव्हता.

माझा आक्षेप इथेच आहे. पत्ता जपणे म्हणजे लेख जपणे नव्हे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या पाहणीनुसार, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने २०२३ मध्ये उघडत नव्हती.

म्हणून हल्ली मी आवडलेल्या लेखाची पीडीएफ करतो, नावात लेखक आणि तारीख घालतो आणि ती घरच्या डिस्कवर ठेवतो. एक प्रत मुलीकडे असते. वडिलांची वही उघडायला मला कुणाची परवानगी लागली नाही. माझा संग्रह उघडताना तिलाही लागू नये.