चालतें बिऱ्हाड आणि त्यांतील मुके सोबती

पुण्याहून नाशकास जाणाऱ्या हमरस्त्यानें मोशी व इंद्रायणी मागें टाकली कीं चाकणच्या अलीकडे कुरुळी लागते. खेड तालुक्यांतील हा गांव आज मोटारींच्या कारखान्यांच्या वेढ्यांत सांपडला आहे. रस्त्यावरील मालगाड्यांची रांग रात्रंदिवस तुटत नाहीं. दिवाळीनंतरच्या एका सकाळीं ह्याच रस्त्याच्या कडेनें धनगरांचा एक वाडा जातांना मीं पाहिला. वाडा म्हणजे येथें घर नव्हे; बरोबर चालणाऱ्या कुटुंबांच्या तांड्यास धनगर वाडा म्हणतात. पुढें मेंढरें, मागें दोन घोड्यांच्या पाठीवर भांडीं, घोंगड्या, पालाचें कापड, त्यावर बांधलेलें एक तान्हें कोकरूं आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि कोणीं हांक न मारतां, कोणीं दोरी न धरतां बाजूनें चालणारीं तीन कुत्रीं. मालगाडीचा कर्णा वाजला कीं मेंढरें बिथरत. कुत्रीं मात्र कळप आणि गाडी यांच्या मधोमध येऊन उभीं राहत.

योगायोग असा कीं, त्या दिवसांत माझ्या वाचनांत घरगाडींतून कुत्रीं-मांजरें घेऊन हिंडणाऱ्या पाश्चात्त्य लेखकांचीं पुस्तकें होतीं. घरच चाकांवर चढवून रानावनांत मुक्काम करण्याची हौस तिकडे जुनी आहे. आपल्या राज्य शासनानें २०२१ सालीं ‘कॅरॅव्हॅन’ पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, आणि आतां आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांतहि ही हौस शिरूं लागली आहे. हौसेबरोबर तिचें वाङ्मयहि येणारच. म्हणून जें तिकडे लिहिलें गेलें आहे त्याची पारख करतांना मीं त्या तीन कुत्र्यांचेंच माप वापरलें. प्रवासांत जनावराला कांहीं काम आहे कीं तें केवळ लेखकाच्या छायाचित्रापुरतें बरोबर आहे, हा माझा प्रश्न.

ह्या प्रकारचा एक आद्य ग्रंथ डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांचा. हे गृहस्थ ब्रिटिश आरमारांतील निवृत्त शल्यवैद्य. त्यांनीं ब्रिस्टल येथें ‘वाँडरर’ नांवाची दोन घोड्यांची घरगाडी बांधवून घेतली, १८८५ सालीं तींतून दक्षिण इंग्लंडांतून थेट स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेस गांठलें, आणि तेराशें मैलांची ही हकीकत पुढल्या वर्षीं छापली. बरोबर नोकर, गाडीवान, ‘हरिकेन बॉब’ नांवाचें भलेंमोठें न्यूफाउंडलंड कुत्रें आणि एक काकाकुवा. पुस्तक प्रसन्न आहे, परंतु एकंदर ठसा उमटतो तो सुखवस्तु गृहस्थाच्या दिवाणखान्याचा. दिवाणखान्याला चाकें लावलीं म्हणून बॉबचें स्थान बदललेलें नाहीं. त्याच्या आधीं थोडीं वर्षें, १८७८ सालीं, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन फ्रान्समधील सेव्हेन डोंगरांतून बारा दिवस एका गाढवीसह हिंडला. त्याच्याजवळ घरगाडी नव्हती. स्वतः शिववून घेतलेली झोपण्याची पिशवी होती, आणि ती वाहण्यासाठीं मोदेस्तीन नांवाची ती गाढवी. तिला आपण मारलें हें तो लपवीत नाहीं, आणि शेवटीं तिला विकल्यावर आपण रडलों हेंहि लपवीत नाहीं. स्टेबल्सपेक्षां त्याचें पुस्तक मला थोर वाटतें तें ह्यामुळेंच: जनावर जेथें ओझें वाहतें तेथें लेखकाला स्वतःविषयीं खरें बोलणें भाग पडतें.

परंतु ह्या सर्वांत गाजलेलें पुस्तक जॉन स्टाइनबेकचें, ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’. अठ्ठावन्न वर्षांचा हा कादंबरीकार १९६० च्या शरद् ऋतूंत, पाठीवर लहानसें घर बसविलेली एक मालमोटार घेऊन स्वदेश पाहावयास निघाला. मोटारीस त्यानें डॉन किहोतेच्या घोड्याचें, रोसिनान्तेचें, नांव दिलें आणि बरोबर चार्ली नांवाचें वयस्कर पूडल कुत्रें घेतलें. पुस्तक १९६२ सालीं निघालें; नोबेल पारितोषिकहि त्याच वर्षीं मिळालें. पुढें पन्नास वर्षांनीं एक बखेडा उभा राहिला. एका अमेरिकन पत्रकारानें २०१० सालीं तोच मार्ग पुन्हां धुंडाळला, कागदपत्रें ताडून पाहिलीं, आणि असें दाखवून दिलें कीं एकाकी रानांतील मुक्कामांच्या कित्येक रात्रीं ग्रंथकार वस्तुतः उत्तम विश्रांतिगृहांत होता आणि बरेच दिवस त्याची पत्नीहि बरोबर होती. पुस्तकांत जीं माणसें इतकें नेमकें आणि मार्मिक बोलतात त्यांतील कित्येक कल्पित असावींत असा संशय दृढ झाला. २०१२ सालच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत जे पारिनी यांनाहि, हें पुस्तक अक्षरशः खरें मानूं नये, असें वाचकांस बजवावें लागलें.

मग ह्या पुस्तकांत उरतें काय? माझ्या मतें चार्ली उरतो. हें मी लडिवाळपणानें म्हणत नाहीं. कल्पिलेलें पात्र लेखकाच्या सोयीनें वागतें. त्यास जें बोलावयाचें तें तो त्याच्या तोंडीं घालतो. चार्ली सोयीनें वागत नाहीं. यलोस्टोनच्या अभयारण्यांत अस्वलें दिसतांच हें म्हातारें, सभ्य कुत्रें असें कांहीं खवळतें कीं ग्रंथकारास तो जगप्रसिद्ध प्रदेश न पाहतांच माघारी वळावें लागतें. प्रचंड वृक्ष दाखवावा म्हणून मालक त्यास मोठ्या समारंभानें नेतो, तर समोर झाड आहे हेंच त्याच्या ध्यानांत येत नाहीं. त्याची लघवी अडते, आणि एका मोठ्या लेखकाची देशचिकित्सा एका कुत्र्याच्या मूत्राशयापाशीं येऊन थांबते. पशुवैद्य शोधावा लागतो, मार्ग खोळंबतो. देशाविषयींचे सिद्धांत घरीं बसूनहि लिहितां येतात, पण ही अडचण घरीं बसून सुचत नाहीं. शिवाय अनोळखी माणसाशीं बोलणें काढण्यासाठीं लेखक चार्लीसच पुढें सोडतो. म्हणजे ह्या कुत्र्यास दोन कामें आहेत: एक दूताचें, दुसरें अडथळ्याचें. दुसरें काम अधिक मोलाचें, कारण प्रवासवर्णन बिघडतें तें बहुधा लेखकाच्या मनासारखें सर्व कांहीं घडत गेल्यामुळें.

ह्या वाङ्मयांत मांजर मात्र फार थोडें भेटतें. कारण उघड आहे. कुत्रें माणसाचें, मांजर घराचें, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती बरीचशी खरी आहे. आपल्याकडे मांजर पिलांना सात घरें दाखवितें असें म्हणतात; पण तो प्रवास त्याचा स्वतःच्या मर्जीचा, तोंडांत पिलूं धरून केलेला. टोपलींत घालून कोणीं नेलेलें त्यास खपत नाहीं. तरीहि एका मांजराचें अपूर्व चरित्र इंग्रजींत आहे. मॅथ्यू फ्लिंडर्स हा ऑस्ट्रेलियाची किनारपट्टी मोजणारा दर्यावर्दी. त्याचा ट्रिम नांवाचा बोका १७९९ सालीं जहाजावरच जन्मला, मालकाबरोबर ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा करून आला, १८०३ सालीं जहाज फुटलें तेव्हांहि वांचला, आणि पुढें फ्लिंडर्स मॉरिशस येथें फ्रेंचांच्या कैदेंत असतांना नाहींसा झाला. त्या कैदेंतच १८०९ सालीं फ्लिंडर्सनें त्याच्यावर स्मृतिलेख लिहिला. ट्रिमला प्रवास कसा मानवला? उत्तर सोपें आहे: तो प्रवास करीतच नव्हता. जहाज हेंच त्याचें घर, आणि घर हलत होतें ह्याची त्यास क्षिति नव्हती.

ह्या तर्काचा पडताळा मला स्वतःस आला. गेल्या हिंवाळ्यांत घरांतील मंडळींच्या हट्टापायीं आम्हीं भाड्याची एक घरमोटार घेतली आणि दोन कुत्रीं व एक मांजर यांसह कुरुळीहून ताम्हिणी घाटानें श्रीवर्धनास गेलों. कुत्र्यांनीं घाटांत ओकाऱ्या केल्या, पण खिडकी सोडली नाहीं. मांजर मुळशीपर्यंत ओरडलें आणि नंतर दोन दिवस आसनाखालून बाहेर आलें नाहीं. रात्रीं यंत्र बंद झालें, समुद्राचा आवाज तेवढा राहिला, कीं हळूच येऊन सारी मोटार हुंगून जाई. तिसऱ्या दिवशीं तें स्वयंपाकाच्या ओट्यावर निजलें. पांचव्या दिवशीं आम्ही घरीं पोंचलों तेव्हां तें मोटारींतून उतरावयास तयार होईना. कुत्र्यांना प्रवास आवडला कारण आम्ही बरोबर होतों. मांजरास मोटार आवडली, आणि आम्ही तींत होतों ही गोष्ट त्यानें चालवून घेतली. घरगाडीच्या प्रवासाचें खरें चरित्र लिहावयाचें तर तें मांजराच्या नजरेनेंच लिहावें लागेल असें मला तेव्हांपासून वाटूं लागलें आहे. वाटेंत एका मुक्कामाच्या ठिकाणीं आम्हांस कुत्र्यांपायीं आंत घेतलें नाहीं, ती हकीकत येथें सांगत नाहीं. ती सर्वांचीच आहे.

ती सर्वांत जुनीहि आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत हस्तिनापुराहून निघालेल्या पांडवांच्या मागें एक कुत्रें लागतें. द्रौपदी पडते, चार भाऊ पडतात, कुत्रें चालत राहतें. शेवटीं इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्यास वर घेण्याचें नाकारतो. युधिष्ठिर म्हणतो, मग मीहि येत नाहीं. प्रवासांतील सोबत्याविषयीं ह्याहून उंच प्रसंग कोणत्याहि भाषेंत असेल असें मला वाटत नाहीं. परंतु टीकाकाराचें काम अप्रिय असतें, आणि एक गाऱ्हाणें मांडल्यावांचून राहवत नाहीं. तें कुत्रें धर्मराजाची परीक्षा घेण्यास आलेला साक्षात् धर्म होता असें लगेच निघतें, आणि कुत्रें म्हणून तें तेथेंच संपतें. कवीनें प्रश्न विचारला तो खऱ्या कुत्र्याचा, आणि उत्तर दिलें तें देवाचें. खरेंच कुत्रें असतें तर इंद्रानें काय केलें असतें, हें व्यासांनीं आपल्यावर सोंपविलें.

पुढील काळांत आपल्या प्रवासवर्णनकारांनीं तो प्रश्न उचलला नाहीं. अनंत काणेकरांचें ‘धुक्यांतून लाल ताऱ्याकडे’ हें १९४० चें, पु. ल. देशपांडे यांचीं ‘अपूर्वाई’ व ‘पूर्वरंग’ १९६० व १९६३ चीं. पु. लं.नीं पाळीव प्राण्यांवरहि लिहिलें आहे आणि प्रवासावरहि. दोहोंची गांठ मात्र पडली नाहीं. ह्यांत त्यांचा दोष नाहीं. आपला प्रवास तीर्थयात्रेच्या वळणाचा; संसार घरीं ठेवून निघावें हें त्याचें ब्रीद. आळंदीहून निघणाऱ्या पालखीपुढें अंकलीच्या शितोळे सरकारांचा अश्व चालतो खरा, पण तो माउलींचा, कोणा वारकऱ्याच्या संसारांतला नव्हे. संसार पाठीवर टाकून निघणाऱ्यांचें पुस्तक आपल्याकडे कोठें आहे?

येथें वाचक ‘बनगरवाडी’चें नांव घेतील. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ ची कादंबरी धनगरांच्या वस्तीवरील आपली श्रेष्ठ कृति आहे ह्यांत वाद नाहीं. पण तिचा निवेदक शाळामास्तर आहे, आणि शाळा एका जागीं असते. दुष्काळांत वाडी उठते, माणसें मेंढरें घेऊन वाट धरतात. मास्तरहि वाडी सोडतो आणि पुस्तक संपतें. म्हणजे ज्या क्षणीं धनगराचा प्रवास सुरू होतो त्या क्षणीं आपली सर्वोत्तम कादंबरी थांबते. ही उणीव माडगूळकरांची नव्हे, प्रामाणिकपणाच आहे. जेथवर पाहिलें तेथवर त्यांनीं लिहिलें. पुढील वाट धनगरांच्या स्वतःच्या ओव्यांत आहे. १९९२ सालीं निवर्तलेले जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनीं आयुष्याचीं कित्येक वर्षें त्या ऐकण्यांत व टिपण्यांत घालविलीं. आपल्यांतील किती समीक्षकांनीं त्यांस वाङ्मय म्हणून वाचलें, हें न विचारलेलें बरें. ज्या दैवताचे हे लोक उपासक त्या खंडोबाच्या चित्रांतहि घोडा आणि कुत्रें बरोबर असतें. स्वतः देवच बिऱ्हाड घेऊन निघालेला.

त्या सकाळीं मीं वाड्यांतील एका वृद्धेस थांबवून विचारलें, “आजी, कुत्रीं बरोबर आहेत, मग मांजर कसें नाहीं?” ती हंसली. म्हणाली, “मांजार कशाला, दादा? उंदरानं खावं येवढं दानं आमच्यापाशी साठतंय कुठं?” मीं वाचलेल्या सर्व पुस्तकांत मांजराविषयीं इतकी नेमकी गोष्ट मला आढळली नव्हती. मांजर माणसाकडे आलें तें धान्याच्या कोठारामागें. कुत्रें त्याच्या कितीतरी आधीं, शिकारीच्या आणि राखणीच्या वाटेनें आलें. आम्हीं श्रीवर्धनास मांजर नेलें, कारण आमच्या मोटारींत कोठार होतें.

रात्रीचा मुक्काम कोठें, असें विचारलें तेव्हां तिनें चाकणच्या पलीकडील एका शेताचें नांव सांगितलें. पीक निघाल्यावर खतासाठीं मेंढरें बसवावयास शेतकरी बोलावीत आणि धान्य देत, ही रीत अजून आहे, पण शेत तेवढें दर वर्षीं पुढें सरकतें. गेल्या वर्षींचा मुक्काम कुरुळीच्याच शिवारांत होता. तिनें हात करून ती जागा मला दाखविली. तेथें आतां पत्र्याची भिंत होती, आणि तिच्या कडेकडेनें, जुन्या वाटेचा वास घेत, तिघांतलें एक कुत्रें बरेंच दूरवर गेलें होतें. धनगराच्या पोरानें शीळ घातली तेव्हां तें परत फिरलें.