मोजमापाचे एकक आणि ऊसतोड कामगार : धोरणविषयक संशोधनाची चौसाळा परिसराच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासात निष्कर्षांवर पुष्कळ चर्चा होते. ते निष्कर्ष ज्या एककावर उभे असतात, त्या एककाची चर्चा मात्र क्वचितच होते. माणूस मोजायचा की कुटुंब, गाव मोजायचे की जिल्हा, हे संशोधनाच्या पहिल्याच टप्प्यावर ठरते. पुढे धोरण कोणाला दिसणार आणि कोण त्याच्या नजरेतून सुटणार, हेही त्याच निवडीवर अवलंबून राहते. महाराष्ट्राला धोरणविषयक संशोधनाची मोठी परंपरा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० साली भारत सेवक समाजाने केली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. १९९३ साली या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. टाटा समाजविज्ञान संस्थेचे तुळजापूर येथील ग्रामीण संकुल तर मराठवाड्यातच आहे. या परंपरेचे मोल मान्य करून तिच्या मोजमापाच्या एककांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी बीड तालुक्यातील चौसाळा परिसराचा संदर्भ घेतला आहे.

परिसराची पार्श्वभूमी

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर चौसाळा हे गाव आहे. बालाघाटच्या या पठारावर जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा आणि सिंचन तोकडे आहे. त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि हंगामभर तोडणी करून ती फेडली जाते. या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता' होय. उचल कोयत्यावर मिळते, हिशोब कोयत्याचा होतो आणि कामावर न गेल्याचा खाडाही कोयत्याच्याच नावे पडतो. पठारावरील श्रमाच्या बाजाराने अशा रीतीने आपले एकक केव्हाच ठरवून टाकले आहे. धोरणाचे एकक त्याच्याशी जुळते का, हा येथील मूळ प्रश्न आहे.

लाभाचे मोजमाप

गाडगिळांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाण्याच्या खर्चाकडे केवळ सरकारी महसुलाच्या दृष्टीने न पाहता समाजाला होणाऱ्या एकूण लाभाच्या दृष्टीने पाहावे, ही त्यातील भूमिका आजही महत्त्वाची आहे. पुढे लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. संशोधक आपल्या निष्कर्षाची जबाबदारी स्वतः घेतो, असे उदाहरण भारतीय अर्थशास्त्राच्या इतिहासात विरळ आहे.

तथापि, त्या पाहणीच्या केंद्रस्थानी कालव्याचे लाभक्षेत्र होते. त्या काळी बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, म्हणजे मुंबई प्रांताच्या प्रशासकीय नकाशाबाहेर होते. त्यामुळे गाडगिळांना दोष देणे अनैतिहासिक ठरेल. परंतु १९५६ नंतर मराठवाडा एकाच राज्यात आला आणि सहकारी साखरधंदा वाढत गेला, तेव्हा कोरडवाहू पठारावरील श्रम हा बागायती क्षेत्राच्या लाभाचा घटक बनला. लाभाचे गणित मात्र लाभक्षेत्राच्या हद्दीतच मांडले जात राहिले. उसाच्या उत्पन्नात पठारावरील कुटुंबाच्या पाच-सहा महिन्यांच्या गैरहजेरीची किंमत धरलेली नसते.

दारिद्र्यरेषा, रोजगार आणि अनुशेष

वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० उष्मांकांचा आहार हा निकष धरून त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागासाठी दरमहा दरडोई १५ रुपये आणि नागरी भागासाठी साडेबावीस रुपये अशी किमान खर्चाची मर्यादा मांडली. ग्रामीण लोकसंख्येचा सुमारे ४० टक्के आणि नागरी लोकसंख्येचा सुमारे ५० टक्के भाग या मर्यादेखाली असल्याचे त्यांनी दाखविले. मोठ्या प्रमाणावरील ग्रामीण सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी द्यावी, हा त्यांचा उपाय होता. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राला त्याची निकड पटली. वि. स. पागे यांच्या पुरस्काराने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले.

या कायद्याचे एक वैशिष्ट्य पुरेसे अधोरेखित झालेले नाही. त्यातील हक्क ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होता. स्त्री आपल्या नावाने काम मागू शकत होती. कुमुदिनी दांडेकर यांनी १९८३ साली स्त्रियांच्या रोजगाराची संधी म्हणून या योजनेचा स्वतंत्र अभ्यास केला, तो याच पायावर शक्य झाला. केंद्राच्या २००५ च्या कायद्यात शंभर दिवसांची हमी कुटुंबाला देण्यात आली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्यात दिवस १२५ झाले, एकक कुटुंबच राहिले. दिवसांची संख्या वाढली की धोरण उदार झाले असे मानले जाते. व्यक्तीकडून कुटुंबाकडे झालेला बदल त्या मानाने दुर्लक्षित राहिला. कारखान्यावर जी स्त्री अर्धा कोयता आहे, ती गावातही कुटुंबाच्या कार्डावरील एक नाव एवढीच उरते.

दांडेकर यांच्याच अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत जिल्हा हे एकक धरून समितीने राज्याचा एकूण सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा होता. मराठवाड्याच्या मागणीला या अहवालाने आकड्यांची भाषा दिली, हे त्याचे ऐतिहासिक कार्य होय. परंतु अनुशेषाची ही कल्पना जागेवर असलेल्या सुविधांची आहे. शाळा बांधली की शिक्षणाचा अनुशेष कमी होतो. त्या शाळेतील मूल हंगामात कारखान्यावरच्या कोपीत असेल, तर ती उणीव कोणत्याही रकान्यात येत नाही.

गणनेचा महिना

हीच अडचण मोठ्या सर्वेक्षणांत अधिक स्पष्ट होते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६४ व्या फेरीत (२००७-०८) अल्पकालीन स्थलांतरिताची व्याख्या रोजगारासाठी एक महिना किंवा त्याहून अधिक, परंतु सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहिलेली व्यक्ती अशी होती. ऊसतोडणीचा हंगाम या सीमारेषेवरच संपतो. २०२१-२२ सारख्या लांबलेल्या हंगामात, जेव्हा गाळप मे महिना उलटूनही चालू होते, तेव्हा कामगार सहज सहा महिन्यांच्या पलीकडे जातो. मग तो व्याख्येनुसार अल्पकालीन राहत नाही आणि व्यवहारात स्थायिकही झालेला नसतो.

जनगणनेचे वेळापत्रकही विचारात घेण्यासारखे आहे. २०११ ची लोकगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. हा गाळपाचा ऐन बहर होय. या संपूर्ण काळात गावाबाहेर असलेली व्यक्ती, नियमानुसार, ती जेथे आढळेल तेथे मोजली जाते. म्हणजे पठारावरील गावाची नोंदलेली संख्या ही त्याच्या सर्वांत रिकाम्या महिन्यातील संख्या असते. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेत, २००८ साली, चौसाळा या नावाचा विधानसभा मतदारसंघ संपुष्टात आला. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध जोडण्यास आधार नाही. तरीही निधी, पदे आणि प्रतिनिधित्व ज्या संख्येवर ठरते, ती संख्या अशा महिन्यात घेतली जाते, हे अभ्यासकांनी नजरेआड करणे योग्य नाही. पुढील जनगणनेची संदर्भतिथीही १ मार्च २०२७ अशीच अधिसूचित झाली आहे.

सरासरीआड गेलेली स्त्री

एकक चुकल्याचे परिणाम किती गंभीर असतात, हे २०१९ मध्ये दिसून आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वृत्तपत्रांतून पुढे आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पाहणीतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हे प्रमाण जवळजवळ १७ टक्के आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांचे देशपातळीवरील प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत भिन्न असल्याने तुलना काटेकोर नाही. परंतु अंतर इतके मोठे आहे की पद्धतीच्या भेदाने त्याचा उलगडा होत नाही. 'ऊसतोड करणारी स्त्री' हा गट वेगळा काढून मोजेपर्यंत ही गोष्ट सरासरीत विरून गेली होती. खाड्याची भीती, उघड्यावरची वस्ती आणि उपचारांची परस्वाधीनता यांचा शरीराशी असलेला संबंध कुटुंबाच्या किंवा जिल्ह्याच्या आकड्यात उमटत नाही.

त्यानंतरची उपाययोजना स्वागतार्ह आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले, गाळप झालेल्या उसावर प्रतिटन दहा रुपये घेण्याचा निर्णय झाला आणि २०२१ पासून ग्रामसेवकांमार्फत नोंदणी व ओळखपत्रे देण्याचे धोरण ठरले. येथेही एककांची विसंगती आहेच. निधी टनावर, श्रम कोयत्यावर, दारिद्र्य कुटुंबावर आणि अनुशेष जिल्ह्यावर मोजला जातो. तोडणी करणाऱ्या एकट्या स्त्रीचे स्वतःचे असे एकक यांपैकी कोणतेही नाही.

समारोप

पर्याय अशक्य नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यावरील खानदेशी तोडणी कामगारांचा अभ्यास प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन केला आणि १९७८ साली प्रसिद्ध केला. श्रमाचा माग काढत जाणारे संशोधन काय दाखवू शकते, याचा तो वस्तुपाठ आहे. महाराष्ट्रातील धोरणविषयक संस्थांनी गाव आणि कारखाना अशा दोन्ही टोकांना, एकाच व्यक्तीची, एकाच वर्षात दोनदा पाहणी करणे आवश्यक आहे. या कामी मराठवाड्यातील महाविद्यालयांचा वाटा मोठा असू शकतो. कोणती वस्ती केव्हा रिकामी होते, कोणाचे नाव पटावर आहे आणि वर्गात नाही, हे त्यांच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना ठाऊक असते. राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरे बहुधा याच रिकाम्या गावांत भरतात. त्या शिबिरांतून घरोघरी गैरहजेरीची, व्यक्तीगणिक आणि स्त्रीचे नाव स्वतंत्र लिहून, नोंद झाली तर फेब्रुवारी २०२७ च्या गणनेशी ताडून पाहण्याजोगे साधन अभ्यासकांच्या हाती येईल. गाडगीळ-दांडेकरांची परंपरा पुढे नेण्याचा हा मार्ग खर्चिक नाही. मात्र, त्याला डिसेंबर आणि जून असे दोन महिने त्याच घराच्या दाराशी जावे लागेल.